कोऱ्या गाडीचा एक पॉइंट

परदेशात लोक मोटारींच्या शर्यती कागदावर खेळतात, हे मला रद्दीतल्या एका इंग्रजी मासिकातून कळलं. गाडी कुणाचीच नसते. आपण फक्त एक निवडायची, रविवारी ती टीव्हीवर पळते आणि तिचा नंबर येईल तसे पॉइंट आपल्याला. मी बारावी नापास, पण सुरतेत डिंडोलीतल्या आमच्या खोलीत इंग्रजी अक्षर लावता येणारा मी एकटाच. मग काय, शहाणपणा करायला मोकळा.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. खोलीत आम्ही सहा जण, सगळे कापडाच्या लूमवर. मी मराठवाड्यातला, बाकीचे खानदेशातले. गल्लीच्या तोंडाशी केबलवाल्याचा टीव्ही होता, त्याच्या ओट्यावर कुणीही बसावं, त्याची ना नसे. मी वही आखली. वर्षभर एकाने एकच गाडी धरायची, पहिल्या सहांत आली तरच पॉइंट. मी पुष्कळ डोकं चालवून माझी गाडी निवडली. तिचं इंजिन दर रविवारी धूर सोडून बंद पडायचं.

धुळ्याकडचा माझा जोडीदार माझ्याच शेजारी अंथरूण टाकायचा. त्याने मासिकातले फोटो पाहिले आणि एका पांढऱ्या गाडीवर बोट ठेवलं. तिच्यावर धड जाहिरातीही नव्हत्या. "ही कोरी शे," तो म्हणाला, "आपला कपडासारखी." आम्ही विणायचो ते कापड कोरंच असायचं. रंग पुढे मिलमध्ये चढायचा, तो आमच्या नजरेला कधी पडायचा नाही.

कोरी गाडी दर वेळी शेवटून पहिली. आम्ही त्याला भोपळा म्हणायला लागलो. माझ्या नावापुढेही भोपळाच होता, पण वही माझी, खेळ माझा, मला कोण हसणार? तो रागवायचा नाही. पाळी सुटून आला की एवढंच विचारायचा, "मनी गाडी कितवी उनी?" आणि ऐकून मान हलवायचा.

एक नियम मी फार हौसेने केला होता. रविवारी शर्यतीआधी प्रत्येकाने वहीत सही करायची. दिवसपाळीवाल्यांनी सकाळी निघताना, रात्रपाळीवाल्यांनी आल्यावर. सही नाही, तर पॉइंट नाही. कारखान्यात हजेरी नाही तर पगार नाही, तसंच. शेठच्या त्या नियमाला आम्ही रोज शिव्या घालायचो, आणि मी तोच उचलून आमच्या खेळात आणला.

एका शनिवारी पेपरात वाचलं की माझ्या गाडीला नवं इंजिन बसवलंय. ती शर्यत मला काही करून बघायची होती, आणि रविवारी नेमकी माझी दिवसपाळी. जोडीदार रात्रपाळीला निघाला होता. मी नुसता चुळबुळत होतो, त्यानेच ओळखलं. "तू दख तुनी गाडी," म्हणाला, "तुना लूम मी दखी लेसु." रात्रीची पाळी संपवून तो खोलीवर आलाच नाही. तसाच माझ्या जागी उभा राहिला, माझ्या नावावर, संध्याकाळी सातपर्यंत.

त्या शर्यतीत पाऊस आला. गाड्या घसरून एकमेकींवर आदळल्या. माझी तिसऱ्याच फेरीत बाद, नव्या इंजिनासकट. कोरी गाडी आपली सावकाश, खाली मान घालून पळत राहिली आणि सहावी आली.

तो आला तेव्हा त्याच्या भुवयांवर सुताची धूळ होती. उंबऱ्यावर बसत त्याने नेहमीचा प्रश्न विचारला. "सहावी," मी म्हणालो. तो हसला. इतक्या महिन्यांत त्याला असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

मी वही उघडली आणि मला दिसलं, हा एक पॉइंट लिहिला की भोपळा माझ्या एकट्याचाच उरतो. दुसरं काही कारण नव्हतं, आज कशाला लपवू?

"पण तुझी सही नाही," मी म्हणालो.

बाकीचे म्हणाले, जाऊ दे ना, लिही. मी हटून बसलो. नियम म्हणजे नियम, हजेरी नाही तर नाही.

तो हळूच म्हणाला, "हजेरी तं मी तुनी लावी ना, भाऊ."

हातपाय धुऊन तो न जेवताच आडवा झाला. पेन माझ्या खिशात होतं. त्या रात्री, दुसऱ्या दिवशी, केव्हाही लिहिता आलं असतं. माझ्या हलकटपणाने ते झालं नाही.

गाडी कितवी आली हे त्याने पुन्हा कधी विचारलं नाही. दिवाळीनंतर तो भेस्तानला भावाकडे राहायला गेला. वही अजून माझ्याकडे आहे, त्याच्या त्या रविवारच्या चौकटीत काहीच नाही.

त्या महिन्याच्या अखेरीला मुकादमाने हजेरीपट वाचून दाखवला. माझा एकही खाडा नव्हता.