वरचे सूर

“नेक्स्ट!” हा एकच शब्द माझे मालक दिवसातून हजार वेळा म्हणत, आणि तोही ऑर्गनच्या पोटातून. माणूस दिसायचा नाही, नुसता आवाज यायचा.

तुमच्यापैकी फार कुणी पाईप ऑर्गन आतून पाहिला नसेल. चर्चमध्ये समोर दिसतात ते थोडेच पाईप. मागे खोलीएवढ्या जागेत शेकडो उभे असतात, काही दोन पुरुष उंच, काही पेन्सिलीएवढे. एकेक पाईप म्हणजे एकेक सूर. मालक आत शिरून पितळी शंकूने पाईपचं वरचं तोंड हळूच ठोकत आणि सूर जुळवत. तेवढा वेळ बाहेर कुणालातरी त्या सुराची पट्टी दाबून बसावं लागतं. ते काम माझं.

ऐंशीच्या दशकात आम्ही अमेरिकेत, नोव्हायला होतो. नवरा मोटार कंपनीत, मी घरात. जवळच ऑर्गन बनवणाऱ्यांचं वर्कशॉप होतं. ‘मदतनीस पाहिजे’ ही पाटी वाचून आत गेले.

“ऑर्गन वाजवता येतो?” मालकांनी विचारलं.

“नाही. आमच्याकडची पेटी थोडी येते.”

“मलाही येत नाही. सोमवारपासून ये.”

त्यांना खरंच येत नव्हता. धंदा आजोबांपासूनचा, पण घरात वाजवणारं कुणी नाही. भिंतीवर वडिलांच्या वेळचा फोटो होता, ॲप्रन घातलेली वीसेक माणसं. भाते शिवणारा कोण, लाकडी पाईप करणारा कोण, हे ते बोट ठेवून सांगत. मी गेले तेव्हा ते आणि एक सुतार, एवढेच उरले होते. नवा ऑर्गन कुणी मागत नव्हतं. मी त्यांना काका म्हणू लागले. अर्थ कळल्यावर ते दिवसभर खुशीत होते.

तिसऱ्या हिवाळ्यात एकदा मी अगदी वरची पट्टी दाबून बसले होते. सूर चांगलाच हलत होता, जुळलेला नव्हता. आतून आलं, “नेक्स्ट!”

“काका, परत एकदा बघता?”

“कशाला? छान लागलाय.”

तेव्हा कळलं. वरचे सूर त्यांना नीट ऐकूच येत नव्हते. ते नुसत्या हाताच्या सवयीने ठोकत होते.

“सांगून टाक ना यार,” नवरा म्हणाला. “त्यांचं कामच आहे ते.”

मला जमलं नाही. “हा जरा चढा वाटतोय,” असं मी सहज सुचवल्यासारखं म्हणायची. “वाटतोय?” म्हणत ते ठोकायचे. वर्षभर असंच चाललं.

मग बाबा आजारी पडले म्हणून मी नागपूरला गेले. त्याच सुमारास काकांनी सुताराला पट्टीवर बसवून त्यांच्या स्वतःच्या चर्चचा, आजोबांनी बांधलेला ऑर्गन लावला. ईस्टरच्या प्रार्थनेत वरचे सगळे सूर बेसूर निघाले. लोक माना वळवून बघायला लागले. ते तिथेच बसलेले होते.

मी परत आले तेव्हा ते वर्कशॉपमधल्या बाकावर हात टेकून उभे होते.

“कधीपासून?” त्यांनी विचारलं.

“वर्ष झालं.”

“आणि तू बोलली नाहीस.”

“तुम्हाला वाईट वाटलं असतं…”

“वाटलं असतं,” ते म्हणाले. “पण ऑर्गन वाचला असता.”

मी म्हटलं, आपण पुन्हा जाऊ, मी नीट ऐकेन. त्यांनी चर्चला पुन्हा फोन करून पाहिला. कमिटीचं आधीच ठरलं होतं. इलेक्ट्रॉनिक ऑर्गन येणार होता. जुना उतरवायला मात्र त्यांनाच या म्हणाले, कारण दुसऱ्या कुणाला ते येत नव्हतं.

आम्ही तिघांनी तो उतरवला. धातूचे पाईप भंगारात जायचे होते, आणि भंगारवाल्याला ते चपटे करून हवे होते. वर्कशॉपच्या अंगणात ते एकेक पाईप आडवा ठेवत आणि त्यावर बूट ठेवून भार देत.

“काका, मी करते.”

“नको,” ते म्हणाले. “तुला कुठे पाय द्यायचा ते माहीत नाही.”

वर्कशॉप त्याच वर्षी बंद झालं. मी एकदोनदा त्यांच्या घरी गेले. ते चांगलं बोलत, पण कामाचा विषय निघाला की उठून खिडकीशी जात. मला माफ केलं का, हे विचारायची हिंमत झाली नाही. दोन हिवाळ्यांनी ते गेले.

अंत्यविधी त्याच चर्चमध्ये झाला. मी मागच्या बाकावर बसले. नवा ऑर्गन वाजायला लागला, तशी मी कान देऊन फक्त वरचे सूर ऐकत राहिले. शेवटपर्यंत ऐकले. एकही सूर हलला नाही.