रविवारी येऊन फक्त इंजिन सुरू करणारा चोर

ती घटना आठवली की अजूनही आधी मला स्वतःचंच हसू येतं, आणि मग ते हसू मध्येच थांबतं.

तेव्हा मी जयपूरच्या एका पोलीस ठाण्याची प्रमुख होते. वडील विम्याच्या कचेरीत बदली होऊन अमरावतीहून इकडे आले आणि मी इथल्याच पोलिसांत भरती झाले. टोपी किंचित तिरकी घालायची आणि समोरच्याकडे रोखून बघायची मला सवय होती. त्या नजरेने गुन्हेगार फुटतात अशी माझी ठाम समजूत. निवृत्तीनंतर माझ्या जुन्या हवालदाराने सांगितलं, "मॅडमजी, हमें तो लगता था आँख में कुछ गया है." नातवंडांना मी हे सांगितलेलं नाही. त्यांच्या लेखी आजी अजून भीतीदायक आहे.

एका सकाळी राजा पार्क भागात राहणारे एक निवृत्त बँक अधिकारी तक्रार घेऊन आले. मूळचे साताऱ्याचे, माझ्या छातीवरचं आडनाव वाचून लगेच मराठीवर आले. घरासमोर उभी असलेली त्यांची जीप रात्रीतून गायब झाली होती.

"रंग कोणता, काका?"

"हिरवा. पण रंगाचं सोडा हो. चारी टायर खोल नक्षीचे, चिखलातले. स्प्रिंगा बदलून गाडी उंच केलीय. पुढे विंच आहे, म्हणजे अडकलेली गाडी ओढायची चरखी. इंजिनाची हवेची नळी छतापर्यंत नेलीय. कमरेएवढ्या पाण्यात बंद पडणार नाही."

"जयपुरात कमरेएवढं पाणी कुठे असतं?"

"नसतं. पण असलं तर?"

सोबत आलेल्या काकू सगळा वेळ पंख्याकडे बघत होत्या. मी मनात म्हटलं, बिचारीला धक्का बसलाय. एवढी माझी पारख.

गुन्हा नोंदवला, नाकाबंदीवर वर्णन कळवलं, भंगारवाल्यांकडे माणसं पाठवली. काका दर रविवारी पाच-सहा जीपवाल्यांबरोबर कानोत्याच्या धरणापलीकडे घळींमध्ये गाड्या चढवायला जात. त्या मंडळींचे जबाब घेतले. आठवडाभर ही माणसं गॅरेजमध्ये गाडीखाली लोळतात, रविवारी तीच गाडी दगडांवर आपटतात आणि सोमवारी पुन्हा खाली लोळायला मोकळी. त्यातले काकांचे जिवलग मित्र म्हणजे राजा पार्कातलेच एक मिठाईवाले लालाजी. दोघांच्या गाड्या नेहमी पुढेमागे असायच्या. लालाजी म्हणाले, "मिल जाएगी, मॅडमजी." आवाजात घाई अजिबात नव्हती. तेही मला खटकलं नाही.

महिने गेले. गुन्हे आढाव्याच्या बैठकीत साहेब विचारत, "आपकी हरी जीप चरने गई है क्या?" माझ्या ठाण्यात न उलगडलेला गुन्हा राहता कामा नये, हा तेव्हा माझा हट्ट होता. मग एक दिवस खबऱ्या आला. विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात तो चहाची टपरी चालवायचा.

"मॅडमजी, सामने के बंद शेड में हर इतवार एक आदमी आता है. गाड़ी चालू करता है, थोड़ी देर सुनता है, बंद करके चला जाता है. बाहर निकालता ही नहीं."

शेड उघडलं तर जीप तिथेच. चोरीच्या गाड्या मी पुष्कळ पाहिल्या होत्या. त्यांचे नंबर घासलेले असतात, सुटे भाग विकलेले असतात. ही गाडी मात्र चार स्टँडवर उचलून ठेवलेली, टायरांवर भार पडू नये म्हणून. बॅटरीची वायर काढलेली, धुराड्यात उंदीर शिरू नये म्हणून कापडाचा बोळा, इंजिनात ताजं ऑइल. चोर गाडीची देखभाल करत होता. असा चोर जीपवाल्यांतलाच असणार हे कळायला माझ्या नजरेची गरज नव्हती. गाडी सांभाळायची म्हणजे ती नीटच सांभाळायची, त्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

रविवारी सापळा लावला आणि शेडचं कुलूप उघडताना लालाजी सापडले.

चौकशीत ते एकच सांगत राहिले. "मैंने चुराई. मन आ गया."

"आपके पास तो इससे अच्छी दो गाड़ियाँ हैं."

"तीसरी पर आ गया."

मी रोखून पाहिलं. त्यांनी शिपायाला मला पाणी द्यायला सांगितलं, मला बरं वाटत नसावं म्हणून.

पण घरासमोरच्या गाडीचं कुलूप फोडलेलं नव्हतं. म्हणजे किल्ली आतून आली होती. मी काकूंना बोलावणं धाडणार, तोच त्या स्वतःच माझ्या खोलीत आल्या. लालाजींना धरल्याचं त्यांना कळलं होतं.

"त्यांना सोडा. दुसरी किल्ली मी दिली," त्या म्हणाल्या. मग दाराशी उभ्या शिपायाकडे पाहून, "मराठीतच बोलते. ह्यांच्या कानावर जायला नको."

मी मान डोलावली. जयपूरच्या ठाण्यात मराठी म्हणजे बंद तिजोरी.

"चोरीच्या आधी एका रविवारी कानोत्याला चढावर ह्यांची शुद्ध गेली. पाय अ‍ॅक्सिलरेटरवर तसाच दाबलेला. गाडी बाभळीत घुसून थांबली. खाली सहलीला आलेली माणसं बसली होती हो, लेकरंबाळं घेऊन. लालाजी मागच्या गाडीत होते, त्यांनी पाहिलं. डॉक्टरांनी फिट सांगितली, गाडी कायमची बंद म्हणाले. ह्यांनी पुढच्याच आठवड्यात नवे शॉकॉब्सर बसवले."

"मग किल्ली काढून घ्यायची होती."

"घेतली असती तर त्या दिवशीच हे म्हातारे झाले असते. गाडी चोरीला गेली की माणूस चोराला शिव्या घालतो. तेवढी तरी धमक राहते."

गाडीची ओळख पटवायला तक्रारदाराला बोलवावं लागतं. सकाळी मीच निरोप पाठवला होता. आमच्या ठाण्याची दारं कधी लागत नसत, आणि त्या सबंध इमारतीत मराठी समजणारा तिसरा माणूस बाहेरच्या बाकावर बसून होता.

काका दारात आले. काकूंकडे त्यांनी पाहिलं नाही. माझ्या टेबलासमोर बसलेल्या लालाजींना विचारलं, "तेल कौन सा डाला?"

"वही, जो आप डालते हो."

त्यांनी ओळख पटवली, सही केली. अप्रामाणिक हेतू नसेल तर कायद्याने ती चोरी होत नाही. तसा अंतिम अहवाल मी पाठवला. साहेबांनी पाठ थोपटली. गुन्हा उलगडला होता.

न्यायालयाच्या आदेशाने गाडी परत द्यायच्या दिवशी तिघंही आले. मी किल्ली काकांच्या हातात ठेवली. त्यांनी ती थोडा वेळ धरली, मग लालाजींना दिली आणि वळसा घालून डाव्या बाजूला जाऊन बसले. काकू मागे चढल्या. नंतर कळलं, काकांनी रविवारी जाणं सोडलं आणि गॅरेजही.

तपास म्हणजे खरं काय ते बाहेर काढणं, असं मला शिकवलं होतं आणि मी तेच पुढच्यांना शिकवलं. त्यात चूक नाही. तरी इतक्या नोकरीत उलगडलेल्या गुन्ह्यांपैकी हा एकच असा आहे, जो माझ्या नावावर न उलगडलेला राहिला असता तर मला आवडलं असतं. दर महिन्याला काका ठाण्यात आले असते, टेबलावर हात आपटून म्हणाले असते, "बाई, तुमचे पोलीस करतात काय?" आणि मी मान खाली घालून ऐकून घेतलं असतं.