हरिभाऊंची एक खोटी सही

चंदीगडच्या इंडस्ट्रियल एरियात बर्फ मोजणाऱ्या एका केंद्र सरकारी खात्याचं गॅरेज होतं आणि हरिभाऊ ढाकणे तिथले मुख्य मेकॅनिक. माणूस नगरकडचा, लष्कराच्या वर्कशॉपात हात तयार झालेला, तोंडाने फटकळ. ड्रायव्हर लोक पाठीमागे त्यांना पंजाबीत शिव्या घालायचे आणि गाडी मात्र त्यांच्याच हातात द्यायचे.

त्यांचा खरा हंगाम वर्षातून दोनदा यायचा. नोव्हेंबरात खात्याच्या पाच जीपगाड्या शिमल्यापुढच्या नारकंड्याच्या वर जायच्या, तेव्हा साधी चाकं उतरवून बर्फातल्या टायरांची चाकं चढवायची. एप्रिलअखेर ती काढून पुन्हा साधी. काम ऐकायला सोपं, पण हरिभाऊंचं सोवळं बघण्यासारखं. गाडी जमिनीवर असतानाच नट सैल करायचे, मग जॅक. चाक हबला जिथे टेकतं ती जागा तारेच्या ब्रशने लख्ख करायची. नट आधी हाताने फिरवायचे, मग समोरासमोरचे आळीपाळीने आवळायचे आणि गाडी खाली उतरवल्यावर शेवटचा जोर लावायचा. डाव्या अंगाच्या चाकांचे आटे उलटे. तिथे नवखा हमखास फसायचा आणि हरिभाऊंच्या तोंडाचा पट्टा सुटायचा. एवढं करूनही गाडी मोकळी होत नसे. वीस-पंचवीस मैल फिरवून आणायची आणि सगळे नट पुन्हा एकदा आवळायचे. याला ते 'दुसरा हात' म्हणत. कुणी विसरू नये म्हणून त्यांनीच भांडून रजिस्टरात या दुसऱ्या हाताचा वेगळा रकाना पाडून घेतला होता. त्यात त्यांची सही पाहिल्याशिवाय चौकीदार सामान भरलेल्या गाडीला फाटक उघडत नसे.

१९७३च्या नोव्हेंबरात दिल्लीहून तपासणी येणार असं पत्र आलं. तपासणी म्हटली की आपल्या कचेऱ्यांच्या अंगात काय येतं ते सांगायला नको. कुंड्यांना गेरू, दगडांना चुना, आणि एवढ्यावर भागेना म्हणून बर्फाच्या चाकांना चंदेरी रंग! स्टेपन्या धरून पंचवीसच्या पंचवीस चाकं रंगवून झाली, नट बसतात त्या खाचांसकट. रजेवरून परतलेल्या हरिभाऊंनी ते बघून कपाळावर हात मारला. रंगाच्या थरावर नट आवळला की वरवर घट्ट लागतो. गाडी धावू लागली की रंग चिरडला जातो आणि नट ढिला पडतो. ते मुकाट्याने रंग खरवडायला बसले. चार गाड्या झाल्या.

पाचवीच्या वेळी साहेबांचा निरोप आला, पाहुणे उद्याच नारकंड्याला जाणार, सामान आत्ताच्या आत्ता निघालं पाहिजे. गाडी गुरमेल सिंगची होती. वीस वर्षं डोंगरात गाडी हाकलेला, हसरा, हरिभाऊंच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी हक्काने मागून खाणारा दोस्त.

"अरे, रंग तो निकालने दे," हरिभाऊ म्हणाले.

"हरि भाई, साहब जान खा रहा है. सोलन में चाय पियूँगा, वहीं सब नट कस लूँगा. पक्का."

हरिभाऊंनी चाकं रंगासकट चढवली. चौकीदाराने रजिस्टर पुढे केलं. रकाना रिकामा होता. हरिभाऊंनी इकडेतिकडे पाहिलं आणि सही ठोकली.

गुरमेल सोलनला थांबला की नाही, कुणालाच कळलं नाही. ठियोगच्या पुढे एका वळणावर पुढचं डावं चाक निखळलं आणि जीप दरीत गेली. गाडीत तो एकटाच होता. जागीच गेला.

चौकशी आठवड्यात आटोपली. सही तुमचीच का, एवढंच हरिभाऊंना उभं करून विचारलं आणि ते हो म्हणाले. चाकं नियमाप्रमाणे दोनदा आवळली होती, सही आहे. तेव्हा दोष चालकाचा, गाडी बेफाम हाकली. गुरमेलच्या बायकोने, सुरजीत कौरने, खात्यात नोकरीसाठी अर्ज केला होता. पदरात तीन मुली. दोषी चालकाच्या विधवेला नोकरी देता येत नाही, असा शेरा त्यावर आला. हे कळल्यावर हरिभाऊंना अन्न जाईना. चार वर्षांवर पेन्शन होतं, तरी तिसऱ्या दिवशी ते साहेबांच्या खोलीत जाऊन उभे राहिले. साहेब श्रीपाद केळवकर, पुण्याचे.

"साहेब, ती सही खोटी हाय. दुसरा हात मी मारलाच न्हाई. रंगामुळं नट ढिले झाले. गुरमेलचा काय बी दोष न्हाई."

केळवकरांनी पेन खाली ठेवलं. "हरिभाऊ, मैत्रीपायी भलतंसलतं बोलू नका. पंधरा वर्षांत तुमची एक सही खोटी निघालेली नाही."

"ही निघाली न्हवं! मीच सांगतोय की."

"तुम्ही सांगाल हो. कागद तसं सांगत नाही. फाईल दिल्लीला गेली. आणि चाकं रंगवायचा हुकूम कुणाचा, हे मला आता तिथे उकरायचं नाही. घरी जा, दोन दिवस आराम करा."

हरिभाऊंनी लेखी अर्ज दिला. एकदा नव्हे, तीनदा. तिन्ही परत आले. जन्मभर ज्या विश्वासासाठी या माणसाने लोकांशी हुज्जत घातली, तोच आता त्याचं खरं बोलणं कुणाच्या कानात शिरू देईना. याचा संताप करावा तरी कुणावर?

एप्रिलात बर्फाची चाकं उतरवायचं काम चालू असताना सुरजीत कौर गॅरेजात आली. सरकारी क्वार्टर सोडून ती रोपडकडे भावाच्या गावी निघाली होती. थोरली मुलगी बरोबर होती.

"भाईसाहब, उन्हें माफ़ कर देना," ती हात जोडून म्हणाली. "आपने तो कस के ही दिए थे. उनकी ग़लती से आपको भी जाँच में खड़ा होना पड़ा."

हरिभाऊंनी हातातला पाना खाली ठेवला आणि मोडक्यातोडक्या हिंदीत तिला सगळं सांगितलं. रंग, घाई, रकाना, सही. काही म्हणजे काही लपवलं नाही. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"आप बड़े दिल वाले हैं जी," ती डोळे पुसत म्हणाली. "मरे हुए का दोष अपने सिर ले रहे हैं." मग मुलीकडे वळली. "चल, ताया जी के पैर छू."

"नहीं, नहीं," म्हणत हरिभाऊ मागे सरले, पण मागे जीप होती. मुलीने वाकून त्यांच्या दोन्ही पायांना हात लावला.