समुद्राला न दिलेला नारळ

दुसऱ्या महायुद्धात, एका मे महिन्यात सकाळी नऊ वाजता आमचं जहाज मुंबई बंदरातून सुएझकडे निघालं. मी टाकवे बुद्रुकचा, हुद्दा नाईक, वय बावीस. माझ्या सेक्शनमध्ये बेडशाचा सखाराम होता. एकोणीस वर्षांचा आणि नको तितका बोलका.

सहाला पीटी, दहाला बोट ड्रिल, उरलेला वेळ ओकाऱ्या. समुद्राने दोन दिवसांत भल्याभल्यांची रग जिरवली. सखाराम तेवढा ठणठणीत. रेलिंगला टेकून उडते मासे दाखवायचा. मे महिना आला की अजून त्या डेकवर जाऊन उभं राहावंसं वाटतं.

तिसऱ्या दिवशी त्याने किटबॅगेतून नारळ काढला. मोठं पाणी ओलांडताना सोडायला आईने दिलेला. बंदरातल्या धांदलीत राहून गेला होता. त्याने हात उगारला आणि मी मनगट धरलं. स्टँडिंग ऑर्डर होती: पाण्यात काहीही टाकायचं नाही. तरंगत्या वस्तूंवरून पाणबुडी जहाजाचा माग काढते.

"एक नारळ तर हाय, नाईक."

"ऑर्डर म्हंजे ऑर्डर."

"आन् आईला काय सांगू?"

"येताना सोड."

तो हसला. "तवर तुमीच सांबाळा."

सात आठवड्यांनी, वाळवंटात, दुपारी सव्वातीनला शेलिंग सुरू झालं. वायरलेसवर हुकूम आला, "पोझिशन सोडू नका." सखाराम ब्रेनगनकडे मॅगझिन घेऊन निघाला होता. चार वाजून दहा मिनिटांनी मी कंपनीला कळवलं, "एक ठार."

तीन वर्षांनी परतताना मनाई उरली नव्हती. दोनदा रेलिंगपाशी गेलो. नारळ आतून सुकून खुळखुळत होता. सोडवेना. सखारामचं माझ्यापाशी दुसरं काहीच नव्हतं.

कामशेतला उतरलो तो आधी बेडशाला गेलो. त्याच्या आईपुढे नारळ ठेवून सगळं सांगितलं. त्या दिवशी सोडू दिला असता तर पोरगा वाचला असता, असं ती म्हणेल म्हणून मान खाली घालून बसलो.

तिने नारळ परत माझ्या हातात दिला. "आता सोडून काय करायचं? ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं." आजही तो माझ्याकडेच आहे.

मग तिने विचारलं, "हात धरला तवा रागावला का वो?"

"न्हाई मावशी. हसला."

"दात दिसलं?"

"व्हय."

"वरचा एक मोडका," ती म्हणाली. "ल्हानपणी बैलगाडीवनं पडला व्हता."