आठ सत्रांत दवाखाना कुठे?

ओल्या वाळ्याचा गंध आला की मला अकोल्याचा मे महिना आठवतो. बाहेर मऊ पडलेलं डांबर, दुपारचे ओस रस्ते, आणि घराघरांच्या खिडक्यांतून येणारी कूलरची एकसुरी घरघर. तिच्या आडोशाला अर्धवट अंधारात पहुडलेली माणसं. आमच्या अमरावतीचा उन्हाळा काही सौम्य नाही, पण अकोल्याच्या उन्हाचा दरारा वेगळा. त्या उन्हात माणूस निमूट होतो, आणि निमूट झालेला माणूस मनातलं खरं बोलण्याच्या बराच जवळ येतो, असं मला आता वाटतं. पूर्वी वाटत नव्हतं. माझे वडील तर बारा महिने निमूटच असत.

दोन वर्षांपूर्वी, अशाच एका मे महिन्यात, मी माझ्या मुलीला, शर्वरीला, घेऊन अकोल्याला माहेरी गेले. तिची बारावी झाली होती. डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेत मनासारखं जमलं नसल्याचं उत्तरं ताडून पाहतानाच कळलं होतं. यजमानांचा निर्णय ठरलेला होता : एक वर्ष थांबायचं, अकोल्यात आजोबांकडे राहायचं, तिथल्या शिकवणीवर्गात नाव घालायचं आणि पुन्हा परीक्षा द्यायची. शर्वरीचंही ठरलेलं होतं, आणि ते नेमकं उलट होतं. तिनं अभियांत्रिकीचीही परीक्षा दिली होती, आणि तिला जैववैद्यकीय अभियांत्रिकी, तिच्या भाषेत बायोमेडिकल, शिकायचं होतं. आदल्या वर्षी बाबा छातीत दुखून दवाखान्यात होते, तेव्हा ही दोन दिवस त्यांच्या उशाशी बसून आजोबांपेक्षा त्यांच्या डोक्यावरच्या मॉनिटरकडेच अधिक पाहत होती. रक्तामांसाच्या हृदयाचा ठोका त्या हिरव्या रेषेत उतरतो तरी कसा, या एका कुतूहलानं तिला जे धरलं, ते सोडलंच नाही. अठराव्या वर्षी माणसाला आयुष्याची दिशा अशीच सापडत असावी, नाही का? आपण मोठी माणसं मात्र ती गुणपत्रिकेत शोधत बसतो.

आम्ही पोचण्याआधीच यजमानांचा बाबांना फोन गेला होता. पोरगी तुमचं ऐकते, तुम्हीच समजवा, असं त्यांनी सांगितलं होतं. बाबा फक्त पाहतो म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी शर्वरीनं बैठकीच्या फरशीवर एक मोठा चार्ट पेपर पसरला. चार वर्षं, आठ सत्रं, आठ चौकटी. पहिल्या दोनांत गणित, भौतिकी, ड्रॉइंग, पुढच्या दोनांत शरीररचना आणि इलेक्ट्रॉनिक्स शेजारी शेजारी, मग संवेदक, वैद्यकीय उपकरणं, शरीराच्या आतल्या प्रतिमा घेण्याचं तंत्र, शेवटी प्रकल्प. कुठल्या सुट्टीत कोणती संगणकभाषा शिकायची, तिसऱ्या वर्षी कोणत्या प्राध्यापकांकडे जायचं, पुढं परदेशी जायचं की इथेच नोकरी धरायची, सगळं तिनं लिहून ठेवलं होतं. तो सुबक आराखडा पाहताना मला तिचं कौतुक वाटलं, आणि कणव आली. आयुष्य चौकटींत मावतं, हा विश्वास तरुणपणाचं केवढं मोठं वैभव असतो!

बाबा खुर्चीतून उतरून खाली बसले. चाळिशी पुसून त्यांनी एकेक चौकट बोट फिरवत वाचली.  वाचून झाल्यावर त्यांनी नातीला विचारलं, "यात दवाखाना कुठी हाये?"

शर्वरीनं सातव्या सत्रावर बोट ठेवलं. तिथे बारीक अक्षरात लिहिलं होतं : इंटर्नशिप, सहा आठवडे.

"म्हणजे तीन वर्षं पेशंट न पाहताच मशीन शिकून राहिली तू?"

ती पुन्हा पहिल्या चौकटीपासून शोधू लागली. आणि मी मात्र त्या प्रश्नासरशी पस्तीस वर्षं मागे गेले.

बाबा चांदूर बाजारकडच्या शेतकरी घरातले. अमरावतीला आयटीआय करून ते अकोल्याच्या एका दवाखान्यात लागले आणि तिथली यंत्रं दुरुस्त करता करताच निवृत्त झाले. तिथे सगळे त्यांना मशीनवाले भाऊ म्हणत. अकरावी-बारावीत असताना सुट्टीच्या दिवशी त्यांचा डबा घेऊन मी जात असे आणि डबा रिकामा होऊनही रेंगाळत असे. अशाच एका दुपारी अंजनगाव सुर्जीकडच्या एका शिक्षिकेला छातीत कळ येते म्हणून आणलेलं होतं. हृदयाचा आलेख, म्हणजे ईसीजी, काढायला घेतला, तर रेषा अशी दातेरी आणि जाड येत होती की डॉक्टरांना तिच्यात काही वाचताच येईना. बाईंना तसंच नागपूरला हलवावं का, याचा विचार चालला होता. बाबांना बोलावलं. त्यांनी तारा तपासल्या, यंत्र तपासलं, दोष कुठेच नव्हता. मग ते यंत्राकडे पाहायचं सोडून खोलीभर पाहू लागले. खिडकीतल्या कूलरपाशी गेले, त्याच्या पत्र्याला टेस्टर लावला आणि बटण बंद केलं. कूलरच्या विजेची गळती त्या रेषेत उतरत होती. कूलर थांबताच रेषा स्वच्छ झाली.

पण खोली भट्टीसारखी तापली. बाई घाबऱ्या झाल्या, अंगावरच्या तारा ओढू लागल्या. बाबांनी एक्स-रेचं मोठं पाकीट उचललं आणि आलेख पुरा होईपर्यंत उभ्यानं त्यांना वारा घातला. डॉक्टरांनी आलेख वाचला आणि उपचार इथेच होतील म्हणाले. बाईंनी निश्चिंतपणे डोळे मिटले. मी दाराशी उभी राहून ते सारं पाहिलं आणि त्याच दिवशी ठरवलं, आपल्याला हेच करायचं.

बारावीनंतर मी इलेक्ट्रॉनिक्सच्या पदविकेचा अर्ज आणला. बाबांनी तो वाचून बाजूला ठेवला. मशीनवाल्याची पोरगी मशीनवाली होणार नाही, असं म्हणाले आणि कामावर निघून गेले. कारण मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मी मराठी घेतलं, प्राध्यापक झाले, अमरावतीत वर्षानुवर्षं शिकवलं. भाषेनं मला भरभरून दिलं. तक्रार करावी असं काही नाही. तरीही एखादं यंत्र बिघडून उघडलेलं दिसलं की पाय थबकतात. जी वाट आपण चाललोच नाही, तिच्यावरची धूळ पायांना कशी लागते, कोण जाणे!

हा कूलरचा प्रसंग त्या दुपारी मीच शर्वरीला सांगितला. बाबा ऐकत होते. मग त्यांनी तिच्या हातातलं पेन घेतलं आणि दुसऱ्या व तिसऱ्या सत्राच्या मधल्या कोऱ्या जागेत, म्हणजे उन्हाळी सुट्टीत, मोठ्या अक्षरांत लिहिलं : दवाखाना. चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये पुन्हा तेच लिहिलं. संध्याकाळी त्यांनी जावयांना फोन लावला. समजवायला सांगितलं होतं, पण पोरीनं आपल्यालाच समजवलं, असं सांगून म्हणाले, "तिले जाऊ द्या. डॉक्टरच्या हातात जे मशीन येते, ते खरं सांगते का नाई, हे पाहणारंही कोणी पायजे."  आठ दिवसांनी यजमान स्वतःच तिच्यासाठी वसतिगृहाची चौकशी करू लागले.

गेल्या उन्हाळ्यात शर्वरी पहिलं वर्ष आटोपून ठरल्याप्रमाणे अकोल्याला आली. बाबांच्या ओळखीनं एका दवाखान्यात यंत्रविभागाच्या हाताखाली महिनाभर जाऊ लागली. शेवटच्या आठवड्यात मी तिला न्यायला गेले. ती उन्हातून लाल होऊन घरी आली आणि माठातलं पाणी पिता पिता सांगू लागली. एका म्हाताऱ्या आजींना आलेख काढायचा होता, पण तारा पाहूनच त्यांनी हातपाय आखडून घेतले. करंट लागेल म्हणून त्या रडू लागल्या. तेव्हा परिचारिकेला विचारून शर्वरीनं ते चिमटे आधी स्वतःच्या हातापायांना लावले आणि आजींना आपल्या हृदयाची रेषा दाखवली. आजी बराच वेळ ती पाहत राहिल्या, मग स्वतःहून आडव्या झाल्या.

बाबा तिच्याकडे नाही, माझ्याकडे पाहत होते.

"तुले बी जमलं असतं," ते म्हणाले. "मी अडवलं."

महाविद्यालयात इतकी वर्षं प्रमाण भाषेत व्याख्यानं दिलेली मी. पण उत्तर आलं ते लहानपणीच्या बोलीत. "मले तेव्हा कारण तरी सांगायचं होतं, बाबा."

त्यांनी चाळिशी काढून हातात घेतली. "त्या दवाखान्यात इतकी वर्षं काढली. मशीन बिघडलं की धावत बोलवत, पण मले कोणी बसा म्हटलं नाई. तुले कोणी असं उभं ठेवू नये, एवढंच होतं डोक्यात."

मी कितीतरी वर्षं ज्याला त्यांचा हट्ट समजत आले, त्यात ही एवढी साधी, न बोललेली माया होती!  शर्वरीनं रिकामा पेला खाली ठेवला.

"मला बसा म्हणतात, आबाजी," ती म्हणाली. "पण काम उभ्यानंच करावं लागतं."

 "हो," बाबा म्हणाले, "ते तं हाये." आणि मग त्यांनी तिला विचारलं की त्या आजींचा आलेख कसा निघाला.