हाजराच्या मेंदीतला बिब्बा

हाजरा मेंदीत बिब्बा उगाळते, असं एकोणीसशे सत्तावन्न साली मिरकरवाड्याच्या बंदरावर आधी कानात आणि मग मासे विकता विकता मोठ्याने बोललं जाऊ लागलं. कारणही बायकांनीच पुरवलं: नवरा जहाजावर गेला तो परतला नाही, म्हणून हिला दुसरीचं लग्न बघवत नाही. कारणं शोधायला बंदरावर कधी कुणी आळस केला नाही.

त्याच बायकांच्या टाचा हाजराने सांभाळल्या होत्या. खाऱ्या पाण्याने, बर्फाने चिरलेल्या पायांवर ती मेंदी लिंपायची. पाला परसातला, सावलीत वाळवून फडक्यातून गाळलेला. "थंडावा देते, म्हणून तान्ह्या पोराला फासू नको हां," हेही वर ऐकवायची. लग्नाची मेंदी तर आधी स्वतःच्या कोपराच्या आत लावून बघितल्याशिवाय तिने दाराबाहेर पाठवली नाही. ती वाटी घेऊन जायची इशरत, तिच्या वारलेल्या बहिणीची मुलगी. हाजराचे हात थरथरायला लागल्यापासून नवरीच्या हातावर नक्षी इशरतच काढायची.

ते बोलणं सुरू झालं गनी तांडेलाच्या मैमुनाच्या लग्नापासून. मेंदी लागली आणि दुसऱ्या दिवशी नवरीचे तळवे सुजून, बिब्बा उतावा तसे फोडांनी भरले. निकाह पुढे गेला. मैमुनाची आई दारात येऊन उभी राहिली.

"हाजराबी, आमच्या पोरीनं तुझा काय वाकडा केला होता गो?"

हाजराने इशरतकडे पाहिलं. इशरत मान खाली घालून म्हणाली, "खाला मेंदीत काय घालते, मला नाही दाखवत."

लहानपणापासून जिला शेजारी बसवून पाला निवडायला शिकवलं, ती हे म्हणत होती. हाजराने नवरीकडे उरलेली वाटी मागून आणली. एका कोपराला त्या वाटीतली मेंदी लावली, दुसऱ्याला घरच्या मडक्यातली. घरचीने हात नारिंगी झाला. वाटीतलीने कातडी काळी पडली आणि मग फोड आले. दोन्ही हात तिने इशरतपुढे धरले.

"मुंबईत राहून आलेल्या पोरींना काळी मेंदी हवी असते, खाला. तुझी नुसती तांबडी."

"मला विचारायचंस."

"तू घालू दिली असतीस?"

"नाही."

"म्हणून नाही विचारलं."

"आणि परवा दारात?"

"माझं नाव निघालं असतं तर मला पुढे कुणी बोलावलं नसतं. तुझं काय, तुझं झालं करून."

हाजराने बाह्या खाली ओढल्या. इशरतचं लग्न अजून व्हायचं होतं; हाजराने कुणापाशी तोंड उघडलं नाही. लग्नघरांतून इशरतला बोलावणी येत राहिली, हाजराला बंद झाली. टाचा भेगाळल्या की मात्र बिब्ब्याची चर्चा करणाऱ्याच बायका तिच्या मागच्या दाराने येत, आणि ती त्यांना मेंदी लावून देई.

मेंदीत बिब्बा कधीच नव्हता. केस काळे करायची मुंबईची पूड इशरतने त्यात कालवली होती.