वरिष्ठांच्या आदेशान्वये

आखातातल्या एका शहरात, अदलिया भागातल्या एका छोट्या वकिली ऑफिसात मी टायपिस्ट आहे. आमचे सर इथले नाहीत. त्यांच्या देशात ते सरकारी वकील होते. तिथली हुकूमशाही कोसळायच्या थोडं आधी इकडे निघून आले. आता तिथे निवडून आलेलं सरकार आहे, आणि सरांना एकच ध्यास लागलाय: घरी जायचं, जुन्या कामावर रुजू व्हायचं. बायको तिकडे एकटीच आहे.

मला नाक खुपसायची खोड. विचारलंच, "सर, राज्य बदललं, पण सरकारी वकील तेच. मग बदललं काय?"

"पाटी," सर हसले. "आधी मंत्र्याचा फोन आला की आम्ही खटला उभा करायचो. आता म्हणे फोन येणार नाही. पण फोन उचलणाऱ्यांचं काय करायचं? त्यासाठी समिती बसवलीय."

बापरे, मला तर प्रश्नच प्रश्न! बदल्या कोण करणार? बढती कोणाच्या हातात? ती मंत्र्याच्याच हातात राहिली तर फोन हवाय कशाला? हूरा भागात माझ्या घरी जाताना टॅक्सीतही डोक्यात हेच. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, तर सर म्हणाले, "हेच समितीलाही सुचू दे, इंशाल्ला. यल्ला, चल, टाइप कर."

समितीने प्रत्येक जुन्या सरकारी वकिलाकडून लेखी जबाब मागवला होता. त्यावरच परत घ्यायचं की नाही ते ठरणार. सरांनी एका शिक्षकाचा खटला सांगितला. पुरावा काडीचा नव्हता, तरी तो माणूस कित्येक वर्षं तुरुंगात खितपत पडला. सर इंग्रजीत सांगत गेले, मी कीबोर्ड बडवत गेले.

प्रिंट वाचताना ते थबकले. "हे मी बोललो?"

मी जीभ चावली. इकडे येण्याआधी मी नागपूरला सरकारी कचेरीत टायपिंग करायचे. तिथे 'मी' असा कोणी नसतोच, सगळं आपलं 'करण्यात येते'. सर म्हणाले होते, आरोपपत्रावर मी सही केली. माझ्या बोटांनी उमटवलं होतं, वरिष्ठांच्या आदेशान्वये आरोपपत्रावर सही करण्यात आली. इंग्रजीतसुद्धा तीच सवय, मेली!

"सॉरी सर, बदलते."

"थांब. आदेश होता, हे खरंच आहे." त्यांनी पेनाने ती ओळ अधोरेखित केली. खरं सांगते, मनात म्हणत होते, राहू द्या ना तसंच! घरी तरी जायला मिळेल.

"बदल," ते शेवटी म्हणाले. "मी सही केली, असं लिही."

दोन महिन्यांनी उत्तर आलं: नियुक्तीस अपात्र. सरांच्याच हाताखालच्या एकाला मात्र घेतलं होतं, आणि त्याने सगळं वरच्यांवर ढकललं होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "सर, माझी चूक तशीच ठेवायची होती हो! आज घरी असता."

"असतो," सर म्हणाले. "तो शिक्षक सुटून आलाय. आमच्याच गल्लीत राहतो. समोर आला असता तर त्याला काय सांगायचं? सही करण्यात आली?"

मग त्यांनी बायकोला फोन लावला आणि मला जाताना दार ओढून घ्यायला सांगितलं.